फॉरमॅटनंतर किंवा बोर्ड बदलल्यावर विंडोज ॲक्टिव्हेट होत नाही? नवी की विकत घेण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं बघा, कारण वरून सारखी दिसणारी चार वेगळी दुखणी आहेत.

पहिलं सगळ्यांच्या ओळखीचं. फॉरमॅट मारला, विंडोज पुन्हा टाकली, सगळं नीट चालतंय, आणि थोड्या वेळाने किंवा एक-दोन दिवसांत स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात राखाडी अक्षरं उमटतात: ‘ॲक्टिव्हेट विंडोज’. सेटिंग्जमध्ये जाऊन वॉलपेपर, रंग, लॉक स्क्रीन बदलायला गेलं तर ते बंद.

दुसरं, विंडोज होती तशीच आहे, कुणी फॉरमॅट मारलेला नाही, पण मदरबोर्ड बदलून आला आणि ॲक्टिव्हेशन गेलं.

तिसरं, ॲक्टिव्हेशन आहे, पण आधी विंडोजची प्रो आवृत्ती होती आणि आता होम दिसते. किंवा याच्या उलट.

चौथं, विंडोज पाच-सहा महिने ॲक्टिव्हेट होती, कुणी हात लावला नाही आणि एका सकाळी गेली.

माझं सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि ही चारही दुखणी माझ्या टेबलावर आठवड्याला येतात. येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तोवर ऑनलाइन तीन-चारशे रुपयांची एक की (विंडोज ॲक्टिव्हेट करायची २५ अक्षरांची किल्ली) घेतलेली असते. तीही चाललेली नसते. त्यातल्या बहुतेकांना कीची गरजच नव्हती, त्यांचं लायसन्स त्यांच्याकडेच होतं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. खाली दिलेल्या क्रमाने जा. सुरुवातीच्या तपासण्यांना एक रुपया लागत नाही आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त मशिन तिथेच सुटतात.

लायसन्स असतं कुठे?

हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. विंडोजचं लायसन्स हार्ड डिस्कवर नसतं. डिस्क बदला, एसएसडी टाका, रॅम वाढवा, दहा वेळा फॉरमॅट मारा, लायसन्सला काही होत नाही. ते तीनपैकी एका ठिकाणी असतं.

कंपनीचा तयार लॅपटॉप असेल आणि तो विंडोज ८ च्या काळातला, म्हणजे २०१२ किंवा त्यानंतरचा असेल, तर की बहुधा बोर्डवरच्या बायॉस चिपमध्ये (मशिन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम जिथे असतो ती चिप) लिहिलेली असते. त्याआधीच्या लॅपटॉपच्या पोटाला २५ अक्षरांच्या कीचा स्टिकर असायचा, तो म्हणूनच बंद झाला.

विंडोज १० पासून डिजिटल लायसन्स आलं. यात मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर तुमच्या मशिनच्या हार्डवेअरची ओळख नोंदवलेली असते, आणि त्या ओळखीत सगळ्यात मोठा वाटा मदरबोर्डचा असतो. विंडोज ७ किंवा ८ वरून फुकट अपग्रेड केलेली मशिन याच प्रकारात येतात.

तिसरा प्रकार म्हणजे डब्यात किंवा ऑनलाइन घेतलेली २५ अक्षरांची रिटेल की. ती तुमच्या मालकीची असते. एका वेळी एकाच मशिनवर वापरायची, पण एका मशिनवरून दुसऱ्यावर नेता येते.

कंपनीने लॅपटॉपसोबत दिलेलं लायसन्स मात्र त्या लॅपटॉपचंच. जुना लॅपटॉप भंगारात दिला आणि त्याची की नव्या असेंबल पीसीला टाकली, तर ती चालणार नाही. त्यावर कुठलीही युक्ती शोधत बसू नका.

१. तारीख, वेळ आणि इंटरनेट

इतकी साधी गोष्ट काय सांगायची असं वाटेल, पण मी इथूनच सुरू करतो. टास्कबारवरच्या घड्याळात वेळ बघा, मग त्यावर क्लिक करून वर्षही बघा. वर्ष बघायला लोक विसरतात.

मार्चअखेरीला एका कर सल्लागारांचा डेस्कटॉप आला होता. ॲक्टिव्हेशनचा एरर कोड २एफ८एफ ने संपत होता. वेळ जवळपास बरोबर होती, पण वर्ष २०१६. बोर्डवरचा रुपयाच्या नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, संपलेला. वीज गेली की बायॉसची तारीख मागे जायची. ॲक्टिव्हेशनचा सर्व्हर सुरक्षित जोडणीतून बोलतो आणि त्या जोडणीच्या प्रमाणपत्राला मुदत असते. मशिनचं वर्षच चुकलं तर प्रमाणपत्र अवैध ठरतं आणि बोलणं तिथेच थांबतं. पन्नास रुपयांच्या आतला सेल बदलला, तारीख लावली, विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट झाली. त्याच कारणाने त्यांची बँकेची वेबसाइटसुद्धा उघडत नव्हती.

नुकतीच विंडोज टाकली असेल तर वायफायचा ड्रायव्हर बसलाय का ते बघा. ऑफिस किंवा कॉलेजच्या नेटवर्कवर असाल तर तिथे ॲक्टिव्हेशनचा सर्व्हर अडवलेला असू शकतो, तेव्हा मोबाईल केबलने जोडून त्याचं नेट द्या आणि पुन्हा प्रयत्न करा.

आणि काहीच न बदलता ॲक्टिव्हेशन गेलं असेल तर एक दिवस थांबा. ८ नोव्हेंबर २०१८ ला मायक्रोसॉफ्टच्याच सर्व्हरमध्ये गडबड झाली होती आणि प्रो वापरणाऱ्या असंख्य लोकांना ‘तुमचं लायसन्स होमचं आहे’ असा संदेश आला. ज्यांनी धीर धरला त्यांचं आपोआप पूर्ववत झालं. घाईने फॉरमॅट मारणाऱ्यांचा दिवस मात्र गेला.

२. कोड वाचा

सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन असं जा. विंडोज १० मध्ये हे ‘अपडेट अँड सिक्युरिटी’खाली सापडेल. तिथे लांबलचक कोड असतो. पुष्कळांची सुरुवात सारखीच असते, कामाची असतात ती शेवटची चार अक्षरं. त्याचा फोटो काढून ठेवा.

एफ२११ असेल तर मशिनचं हार्डवेअर बदलल्याचं सर्व्हरला दिसलं आहे.

एफ२१२ म्हणजे लायसन्स एका आवृत्तीचं आणि टाकलेली विंडोज दुसऱ्या आवृत्तीची.

एफ२१३ म्हणजे या मशिनवर कीच सापडली नाही, आणि ७००१ म्हणजे वैध लायसन्स सापडलं नाही. बोर्ड बदलल्यावर हे दोन्ही दिसतात.

सी००८ म्हणजे की दुसऱ्या मशिनवर किंवा ठरलेल्यापेक्षा जास्त मशिनवर वापरली गेली आहे. सी००३ म्हणजे सर्व्हर ती की नाकारतो आहे.

एफ०७४ म्हणजे तुमची विंडोज एखाद्या कंपनीच्या ऑफिसातला ॲक्टिव्हेशन सर्व्हर शोधते आहे आणि तो तिला सापडत नाही. हा कोड घरच्या लॅपटॉपवर दिसला तर थेट सहाव्या तपासणीकडे जा.

३. आवृत्ती जुळते का

फॉरमॅटनंतरच्या तक्रारींमध्ये मला सगळ्यात जास्त सापडणारा दोष हाच. सुधारायला सोपा आणि लक्षात यायला अवघड.

आपल्याकडे मिळणाऱ्या घरगुती लॅपटॉपवर बहुतेक वेळा ‘होम सिंगल लँग्वेज’ ही आवृत्ती येते. ही होम नव्हे आणि प्रो तर नव्हेच. गल्लीतला मुलगा पेनड्राइव्हवरून विंडोज टाकताना यादीतली प्रो निवडतो, कारण ती ‘चांगली’. मग बायॉसमधली की सिंगल लँग्वेजची, विंडोज प्रोची, आणि दोघींची गाठ पडत नाही. लायसन्स तिथेच, बोर्डवर, शाबूत असतं. फक्त त्याच्या मापाची विंडोज टाकलेली नसते.

म्हणून आधी ॲक्टिव्हेशनच्या पानावर आत्ता कुठली आवृत्ती आहे ते बघा. मग बिलावर, खोक्यावर किंवा लॅपटॉपच्या मॉडेलच्या माहितीत येताना कुठली होती ते शोधा. बायॉसमधली की वाचायची असेल तर पॉवरशेलमधून (विंडोजमधली कमांड टाईप करायची खिडकी) ‘सॉफ्टवेअर लायसन्सिंग सर्व्हिस’ या क्लासमधली ‘ओए३ एक्स ओरिजिनल प्रॉडक्ट की’ ही नोंद मागवता येते. जुन्या व्हिडिओंमध्ये त्यासाठी डब्ल्यूएमआयसीची कमांड दाखवतात, ती नव्या विंडोजवर चालेलच असं नाही. उत्तरात २५ अक्षरं आली तर बोर्डवर की आहे. रिकामी ओळ आली तर नाही.

की मिळाली तर ॲक्टिव्हेशनच्या पानावर ‘चेंज प्रॉडक्ट की’ दाबून ती टाका. घेतली तर काम झालं. नाही घेतली तर त्या आवृत्तीची विंडोज पुन्हा टाकणं हाच सरळ मार्ग. प्रोवरून खाली होमवर येताना तर नव्याने टाकावीच लागते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतलेली विंडोज वापरा. बायॉसमध्ये की असेल तर ती बहुधा आवृत्ती विचारतसुद्धा नाही, बोर्डवरची की वाचून योग्य तीच टाकते.

हाच गुण कधी उलटतो. लॅपटॉप होमचा आला, तुम्ही पैसे भरून प्रो केलात आणि नंतर फॉरमॅट मारला. इन्स्टॉलरने बायॉस वाचला आणि निमूट होम टाकली. तुमचं प्रो बुडालेलं नाही. प्रोची की असेल तर ती ‘चेंज प्रॉडक्ट की’मध्ये टाका. विंडोजच्या स्टोअरमधून घेतलं असेल तर त्याच खात्याने साइन इन करून ॲक्टिव्हेशनचा ट्रबलशूटर (अडचण शोधून सोडवणारं विंडोजचंच साधन) चालवा.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप बाजारात येतात, त्यांच्यावर अनेकदा एंटरप्राइझ आवृत्ती असते आणि काही महिन्यांनी तिचं ॲक्टिव्हेशन जातं. पण असे व्यवसायासाठी बनवलेले लॅपटॉप पुष्कळदा बोर्डवर प्रोची की घेऊनच जन्माला आलेले असतात. डेटा काढून घ्या, प्रो टाका, नेट जोडा. मी अशी कितीतरी मशिन की न टाकता ॲक्टिव्हेट झालेली पाहिली आहेत.

४. कीचा प्रकार आणि फसव्या की

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. रनच्या खिडकीत इंग्रजीत एसएलएमजीआर टाईप करा, एक जागा सोडा, तिरकी रेघ आणि लगेच डीएलआय. एंटर मारल्यावर एक छोटी खिडकी येते. त्यात ओईएम (कंपनीने मशिनसोबत दिलेलं), रिटेल किंवा व्हॉल्यूम (मोठ्या ऑफिसांसाठीचं) यांपैकी एक शब्द असतो आणि खाली कीची शेवटची पाच अक्षरं. डीएलआयच्या जागी एक्सपीआर टाईप केलं तर ॲक्टिव्हेशन कायमचं आहे की मुदतीचं तेही कळतं.

या पाच अक्षरांमुळे लोकांची मोठी फसगत होते. फॉरमॅटच्या आधी कुणीतरी की शोधणारं सॉफ्टवेअर चालवतं, आलेली की वहीत लिहून ठेवतं आणि फॉरमॅटनंतर ती टाकून बघतं. ती चालत नाही, मग ‘माझी ओरिजिनल की मायक्रोसॉफ्टने बंद केली’ म्हणून राग. वहीतल्या कीचा शेवट ३व्ही६६टी असेल तर ती प्रोची, ८एचव्हीएक्स७ असेल तर होमची आणि ६एफ४बीटी असेल तर सिंगल लँग्वेजची सर्वसाधारण की आहे. डिजिटल लायसन्सवर चालणाऱ्या असंख्य मशिनवर हीच की दिसते. ती फक्त आवृत्ती ठरवते, ॲक्टिव्हेशन देत नाही. अशी की दिसली तर तुमचं लायसन्स सर्व्हरवर आहे असं समजा आणि पाचव्या तपासणीकडे जा.

खरी रिटेल की हातात असेल आणि ती अवैध दाखवत असेल, तर भिंग घेऊन बसा. विंडोजच्या कीमध्ये शून्य, एक आणि पाच हे आकडे नसतात. ओ, आय, एल, एस, झेड, ए, ई, यू ही अक्षरंही नसतात. म्हणजे तुम्हाला जिथे शून्य किंवा ओ दिसतोय तिथे क्यू, डी किंवा जी असणार. जिथे पाच किंवा एस वाटतोय तिथे आठ, सहा किंवा बी करून बघा. एका शिक्षिकाबाईंच्या स्टिकरवरचं एक अक्षर घामाने पुसट झालं होतं. त्या आठ टाकत होत्या, प्रत्यक्षात तो बी होता. टॉर्च तिरका धरून मोबाईलने फोटो काढला आणि मोठा करून बघितला तेव्हा डावीकडची सरळ रेघ दिसली.

पण एक लक्षात घ्या. विंडोज ७ किंवा ८ ची की विंडोज १० किंवा ११ ला टाकून चालवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. तेव्हा जुन्या स्टिकरवरची की नव्या विंडोजला आता घेत नाही. ज्या मशिनवर आधीच डिजिटल लायसन्स नोंदवलं गेलं, त्यांचं ते कायम आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यावर ११ टाकायला येणारे हाच प्रश्न विचारतात: १० चं डिजिटल लायसन्स त्याच मशिनवर त्याच आवृत्तीच्या ११ ला चालतं. वेगळी की लागत नाही.

रिटेल की जुन्या मशिनवर अजून बसलेली असेल तर आधी तिथून काढा. एसएलएमजीआर, जागा, तिरकी रेघ आणि यूपीके. ही कमांड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीतच चालवावी लागते.

५. ट्रबलशूटर आणि मायक्रोसॉफ्टचं खातं

असेंबल पीसीचा बोर्ड बदलला असेल तर पैसे न घालता सुटण्याचा हा मुख्य मार्ग. अट एकच: बोर्ड बदलण्याच्या आधी त्या मशिनवर तुम्ही मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन केलेलं असलं पाहिजे, म्हणजे लायसन्स त्या खात्याशी बांधलेलं असतं. नुसतं लोकल खातं असेल तर सर्व्हरच्या लेखी जुनं मशिन संपलं आणि हे नवं कुणीतरी आलं.

ॲडमिनिस्ट्रेटर असलेल्या खात्यातून ॲक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूट दाबा. ते बटण ॲक्टिव्हेशन नसतानाच दिसतं. तो थोडा वेळ शोधेल आणि ‘जमलं नाही’ म्हणेल. तिथे खिडकी बंद करू नका. खाली ‘अलीकडे या मशिनचं हार्डवेअर बदललं’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते, ती निवडा, खात्याने साइन इन करा आणि आलेल्या यादीतून आपलं मशिन ओळखून ‘हेच आत्ता वापरतोय’ या खुणेवर टिचकी मारून ॲक्टिव्हेट करा.

यादीत मशिन ओळखता येत नाही ही नेहमीची अडचण. सगळ्यांची नावं ‘डेस्कटॉप’ आणि पुढे कसलीतरी अक्षरं. म्हणून मी गिऱ्हाइकाच्या मशिनला आधीच ओळखू येईल असं नाव देतो, ‘दुकान-बिलिंग’ किंवा ‘अभ्यासाचा पीसी’ असं.

जमलं नाही तर तेच बटण पंधरा वेळा दाबू नका. अशा पुन्हा ॲक्टिव्हेशनला मर्यादा आहे. बहुधा कारण यांतलं एक असतं: आवृत्ती वेगळी, जुनं लायसन्स कंपनीने लॅपटॉपसोबत दिलेलं, किंवा जुन्या मशिनवरची विंडोज मुळात खरी ॲक्टिव्हेट नव्हतीच.

६. सहा महिन्यांनी गेलेलं ॲक्टिव्हेशन

मोठ्या ऑफिसांसाठी वेगळी पद्धत असते. तिथे ऑफिसातला एक सर्व्हर सगळ्या मशिनना ॲक्टिव्हेट करतो आणि ते ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं. मशिन दर सात दिवसांनी सर्व्हरला गाठायचा प्रयत्न करून मुदत वाढवून घेतं. मशिन ऑफिसच्या बाहेर गेलं, सर्व्हर दिसेना, की १८० दिवसांनी ॲक्टिव्हेशन जातं. तुमच्या घरच्या लॅपटॉपवर डीएलआयमध्ये व्हॉल्यूम हा शब्द दिसत असेल, तर कुणीतरी तुम्हाला अशीच काहीतरी व्यवस्था चिकटवली आहे. स्वस्तातल्या कीमध्ये आणि फुकट ‘ॲक्टिव्हेटर’मध्ये (की न घेता विंडोज ॲक्टिव्हेट करून देणारं सॉफ्टवेअर) अनेकदा हेच असतं.

ॲक्टिव्हेटरबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. तो चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात आणि ॲडमिनिस्ट्रेटरचे सगळे अधिकार त्याच्या हातात देता. त्याच मशिनवर तुमचं नेट बँकिंग असतं, मुलांचे दाखले असतात, गिऱ्हाइकांची बिलं असतात. आत आणखी काय बसलं हे मलाही बाहेरून सांगता येत नाही. म्हणून असं मशिन मी नुसतं साफ करून देत नाही. डेटा काढतो, तो तपासतो, डिस्क पूर्ण पुसतो आणि बोर्डवरच्या कीच्या आवृत्तीची विंडोज नव्याने टाकतो. आणि दुःखाची गोष्ट म्हणजे कितीदा तरी त्या लॅपटॉपला स्वतःची खरी की असतेच.

लॅपटॉप खरोखर ऑफिसचा असेल तर यातलं काहीही करू नका. तो तुमच्या आयटी विभागाकडे द्या.

७. लॅपटॉपचा बोर्ड बदलला

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर हा भाग मी पूर्ण शिकलो. बाजारपेठेतल्या दुकानांमधून चिखल भरलेली मशिन पोत्यातून माझ्याकडे यायची. डिस्क धुऊन, वाळवून पुष्कळांचा डेटा निघाला, पण बोर्ड गेले. नवा बोर्ड बसवला, जुनी डिस्क लावली, विंडोज उठली, हिशेबाच्या फायली दिसल्या म्हणून माणसाच्या डोळ्यांत पाणी, आणि खाली कोपऱ्यात राखाडी अक्षरं. की होती ती जुन्या बोर्डवर, आणि तो बोर्ड गाळात गेलेला.

लॅपटॉप वॉरंटीत असेल आणि कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने बोर्ड बदलला असेल, तर नव्या बोर्डवर की लिहून देणं हे त्यांचं काम आहे. लॅपटॉप ताब्यात घेतानाच तिथे उभं राहून दोन गोष्टी बघा: बायॉसमध्ये लॅपटॉपचा सिरियल नंबर बरोबर आहे का, आणि विंडोज ॲक्टिव्हेट आहे का. सिरियल नंबर रिकामा किंवा ‘इनव्हॅलिड’ दिसला तर नव्या बोर्डवर माहिती लिहायची राहून गेली आहे. सही करायच्या आधी सांगा.

बाहेर चिप लेव्हलची दुरुस्ती करून घेत असाल तर आणखी जपा. बायॉस चिप नव्याने लिहायची वेळ आली की काही जण नेटवरून त्या मॉडेलची फाईल घेऊन सरळ चढवतात. त्यात तुमची की आणि सिरियल नंबर पुसले जातात. चांगला कारागीर आधी जुन्या चिपमधली माहिती वाचून फाईल जपून ठेवतो आणि नंतर त्यातला तुमचा भाग परत घालतो. काम देताना हे स्पष्ट बोला: ‘आधी माझ्या बायॉसचा बॅकअप घ्या.’ बोर्डला वीज जात नसेल तरी चिप काढून वाचता येते.

जुन्या बाजारातल्या बोर्डमध्ये आधीच्या लॅपटॉपची की असते. म्हणून कधी सिंगल लँग्वेजचा लॅपटॉप बोर्ड बदलल्यावर एकदम प्रोची की दाखवतो. घाबरू नका, काय झालंय ते आता तुम्हाला कळेल.

बोर्ड बदलताना आणखी एक धोका आहे आणि तो ॲक्टिव्हेशनपेक्षा फार मोठा आहे. डिस्क बिटलॉकरने (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) बंदिस्त असेल तर नव्या बोर्डवर सुरू होताना निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागते. लोक तिथे विंडोजची २५ अक्षरांची की टाकत बसतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ४८ आकडी की साधारणपणे तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते, दुसऱ्या मोबाईलवरून तिथे साइन इन करून बघा. ॲक्टिव्हेशन नसलं तर राखाडी अक्षरं दिसतील. ही ४८ आकडी की हरवली तर डेटाच जाईल. बोर्ड दुरुस्तीला देण्याआधी मशिन चालू होत असेल तर ती काढून कागदावर लिहून ठेवा.

फॉरमॅटच्या आधीची पाच मिनिटं

मशिन अजून चालू असेल तर हे आत्ता करून ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन करा आणि ॲक्टिव्हेशनच्या पानावर लायसन्स खात्याशी जोडलं गेल्याचा उल्लेख येतो का बघा. त्या पानाचा आणि डीएलआयच्या खिडकीचा मोबाईलने फोटो काढा. बायॉसमधली की निघाली तर बिलाच्या पाठीमागे लिहा. पीसीला ओळखीचं नाव द्या. मी दुकानात मशिन घेतानाच हे फोटो काढतो आणि गिऱ्हाइकाला पाठवतो.

कधी थांबायचं

रिटेल की खरी आहे, बिल आहे, जुन्या मशिनवरून काढली आहे, तरी सी००८ येतो, तर विंडोजमधल्याच ‘गेट हेल्प’ या ॲपमधून मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टशी बोला. सपोर्टचा नंबर नेटवर शोधू नका. तिथे भामट्यांचे नंबर असतात, ते स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावतात आणि बँकेपर्यंत पोचतात. मायक्रोसॉफ्ट स्वतःहून फोन करून ‘तुमचं लायसन्स संपलं’ असं सांगत नाही. असा फोन आला तर ठेवून द्या.

लॅपटॉप वॉरंटीत आहे आणि बोर्डचा संशय आहे, तर स्वतः स्क्रू उघडू नका, अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठा. बायॉसशी खेळ घरी नको. अर्धवट लिहिलेल्या बायॉसने चांगला चालणारा लॅपटॉप बंद पडतो आणि मग खर्च कीच्या कितीतरी पट होतो. निळा पडदा ४८ आकडे मागतोय आणि ते तुमच्याकडे नाहीत, तर फॉरमॅटला हात लावू नका, आधी जाणकाराला दाखवा.

आणि कंपनीने दिलेलं लायसन्स, वॉरंटी संपलेली, बोर्ड बाहेरून बदललेला, जुन्या बायॉसचा बॅकअप नाही, अशी सगळी बाजू असेल तर तिथे लायसन्स खरोखर गेलेलं असतं. मग ओळखीच्या विक्रेत्याकडून पक्क्या बिलासह रिटेल की घ्या आणि ती टाकायच्या आधी पीसीवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन करा.

दुकानात किंवा सर्व्हिस सेंटरला जाताना लॅपटॉपचं बिल, बोर्ड बदलला असेल तर त्याची जॉबशीट, ॲक्टिव्हेशनच्या कोडचा फोटो आणि चार्जर एवढं बरोबर घ्या. चार्जर घरी विसरला म्हणून सांगली ते मिरज दुसरी फेरी मारलेले बरेच जण माझ्या पाहण्यात आहेत.